खुर्चीच्या डावीकडे

१

सकाळचं ऊन पेरूच्या शेंड्यावरून उतरत दगडी डोणीपर्यंत आलं की पद्मावती खिडकीतल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायची. अंगावर शाल, पायांत लोकरीचे मोजे आणि मांडीवर कॅमेरा. बनाबाईनं तोवर डोणीत पाणी भरलेलं असायचं, शेजारच्या फरशीवर ज्वारीची कणी टाकलेली असायची. मग पाखरं यायची. आधी सातभाई, लग्नघरी आलेल्या पाहुण्यांसारखे सगळे एकदम आणि भांडत. ते उडून गेले की बुलबुलाची जोडी. दयाळ डोणीच्या काठावर शेपटी उभारून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचा. शिंपी दिसायचा नाही, तगरीच्या पानांतून नुसता ओरडायचा. आणि ऊन चांगलं तापलं की आंब्याच्या ढोलीतून पिंगळा तोंड बाहेर काढायचा. दिवसाउजेडी जागं राहायची त्याला खोड होती. वाटोळे पिवळे डोळे लावून तो तासन् तास बसून राहायचा.

सेहेचाळीस सालचा हिवाळा होता. पद्मावती मूळची सांगलीची. तिचा नवरा धनपाल हळदीचा व्यापारी. पावसाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी ते काढलं आणि सांगितलं, कोरड्या हवेत ठेवा, विश्रांती द्या आणि लहान मूल जवळ येऊ देऊ नका. म्हणून साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी, हा छोटा बंगला भाड्यानं घेतला. मालक पुण्याला जाऊन राहिल्यापासून तो बंदच होता. पाच वर्षांची क्षमा सांगलीला आजीपाशी राहिली. सोबतीला बनाबाई होती. ती स्वयंपाकपाणी बघायची आणि तिथंच राहायची.

कॅमेरा दिराचा. वर्धमान लष्कराच्या फोटो खात्यात होता. ब्रह्मदेशातून परतताना त्यानं कुणाकडून तरी हा दोन भिंगांचा जर्मन कॅमेरा विकत घेतला होता. "वहिनी, तिथं नुसतं आढ्याकडं बघत बसाल. त्यापेक्षा हे घ्या," असं म्हणून त्यानंच तो तिला शिकवला. वरचं झाकण उघडलं की खाली चौकोनी काच दिसायची आणि त्या काचेत सगळी बाग उतरायची, पण डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. पाण्याखाली बुडालेलं दुसरंच एखादं गाव बघावं तसं तिला वाटायचं. पाखरू तिथं हललं की तिचा श्वास थांबायचा, बोट दाबलं जायचं.

धनपाल दर शनिवारी यायचा आणि रविवारी परतताना रोल घेऊन जायचा. वर्धमान सांगलीत तो धुवायचा. पुढच्या शनिवारी फोटो यायचे. एव्हाना ती पाखरं आठवडाभर जुनी झालेली असायची. दुपारभर पद्मावती तेच फोटो उशाशी घेऊन पडायची, बघता बघता झोपायची आणि जागी झाल्यावर आपण बाग पाहिली की फोटो, हे तिला चटकन आठवायचं नाही.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी धनपालबरोबर वर्धमानही आला.

२

"वहिनी, हे फोटो काढताना तुमच्याजवळ कोण बसलं होतं?" जेवण झाल्यावर वर्धमाननं विचारलं.

"कोण असणार? मी एकटी. बनाबाई चुलीपाशी."

"नीट आठवा."

"अहो भाऊजी, इथं माझ्याजवळ यायला कुणाला परवानगी आहे का?"

वर्धमाननं पिंगळ्याचा फोटो उजेडात धरला आणि तिच्या हातात भिंग दिलं. "बाकीच्या पाखरांचं सांगता येत नाही. त्यांचे डोळे दोन बाजूंना. मान वाकडी करून कुठंही बघतात. पण पिंगळ्याचे डोळे आपल्यासारखे समोर असतात. तो जिकडं बघतो तिकडं तोंड करतो. आता बघा, हा तुमच्याकडं बघतोय का?"

पद्मावतीनं बघितलं. पिंगळ्याचं एक एक पीस मोजता येईल इतका फोटो स्वच्छ होता. डोळ्यांतली काळी बुबुळंही स्पष्ट होती. ती भिंगाला चुकवून जरा डावीकडं आणि खाली लागलेली होती.

"एका फोटोत असतं तर मी बोललोही नसतो. पण सगळ्या फोटोंत तो तिथंच बघतोय," वर्धमान म्हणाला.

धनपाल पान जुळवत होता. तो हसला. "लढाईवरून आलास आणि पाखरांच्या नजरा मोजत बसलास? उद्यापासून दुकानात बस, हळद मोजायला."

पण वर्धमान उठलाच. तो स्वतः खुर्चीत बसला, धनपालला त्यानं आंब्याखाली उभं केलं आणि तिथून काय दिसतं ते ओरडून सांगायला लावलं. खिडकी जुन्या धर्तीची होती, बुटकी, चौकट गुडघ्याच्याही खाली. खुर्चीच्या डावीकडं मोकळी शहाबादी फरशी आणि तिच्यावर पितळी तांब्या.

"तांब्या दिसतोय!" धनपाल ओरडला. "लय चकाकतोय उन्हात!"

"झालं तर मग," वर्धमान म्हणाला आणि त्यालाही बरं वाटलेलं दिसलं. "पिंगळा तांब्याला भुललाय."

सगळे हसले. पद्मावतीही हसली. बनाबाईनं तांब्या उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला.

३

पुढच्या शनिवारी आलेल्या फोटोंत पिंगळा पुन्हा डावीकडंच बघत होता. फरक इतकाच, की नजर आता पहिल्याइतकी खाली नव्हती. खुर्चीच्या बैठकीपाशी आली होती.

पद्मावतीनं बाकीचे फोटो काढले. सातभाई फरशीवर ओळीनं होते, आणि मास्तर वर्गात आल्यावर पोरं जशी तोंडं करून उभी राहतात तशी सगळ्यांची तोंडं एकाच अंगाला. बुलबुल, दयाळ, होला, सगळ्यांची मान त्याच कोनात कलती. चोचीत दाणा तसाच धरलेला.

तिनं आपल्या मनाला समजावलं. भिंगात दोष असेल. खिडकीच्या काचेवर ऊन पडत असेल. शिवाय हे सगळं आठवड्यापूर्वीचं, आता त्याचं काय? तरी तिनं बनाबाईला हाक मारून खुर्ची दुसऱ्या टोकाला सरकवून घेतली, अशी की डावा हात थेट भिंतीला टेकावा. तिथं बोटही शिरायला जागा नव्हती. त्या आठवड्यात तिनं तिथूनच फोटो काढले. ते आले तेव्हा पिंगळा तिच्या दंडाच्या आणि भिंतीच्या मधोमध बघत होता.

मग एके सकाळी तिनं कॅमेरा मिटून मांडीवर ठेवला. खुर्ची पुन्हा जुन्या जागी आणवली होती. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी होता. फोटो नको, काच नको, आपल्याच डोळ्यांनी बघू म्हणून तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो डावीकडं बघत होता. त्याच्या नजरेचा दोरा धरल्यासारखी ती हळूहळू वळली.

काही नव्हतं. फरशी होती, तिच्यावर उन्हाचा पट्टा होता आणि उन्हात धुळीचे कण तरंगत होते. सगळीकडं ते संथ होते. फक्त तिच्या कोपराजवळ, ओंजळभर जागेत, ते थोडे पुढं यायचे आणि मागं जायचे, पुढं यायचे आणि मागं जायचे.

पद्मावतीनं श्वास रोखून धरला. कण तसेच हलत राहिले.

आजारात स्वतःचा श्वास ऐकायची तिला सवय लागली होती. छातीत पाणी असताना तो आखूड यायचा, अर्ध्यावर अडून. आता तो मोकळा झाला होता. पण त्या दिवसापासून दुपारच्या शांततेत तिला आपल्या श्वासामागून दुसरा एक ऐकू येऊ लागला. आखूड, अर्ध्यावर अडणारा. हा जुन्या दुखण्याचा कानात राहिलेला आवाज आहे, ती स्वतःला म्हणायची. आणि कान तिकडंच लावून बसायची.

४

तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होती? सांगितलं असतं तर धनपालनं तिला दुसऱ्याच डॉक्टराकडं नेलं असतं आणि क्षमाची भेट आणखी लांबली असती.

आणि खरं सांगायचं तर भीती फार दिवस टिकली नाही. पौषातल्या त्या दुपारी लांबलचक होत्या. किल्ल्यावरून वारा यायचा, तांबट पक्षी कुठंतरी एकसुरी टुकटुक करत राहायचा, पेरूची सावली फरशीवरून सरकत सरकत पायापाशी यायची. पद्मावतीचे डोळे मिटत यायचे आणि तिच्या डाव्या दंडाला हलकं ओझं जाणवायचं. झोपेला आलेलं मूल टेकतं तसं. ती हात हलवायची नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

"तो बघ दयाळ," ती हलक्या आवाजात म्हणायची. "तो काळा-पांढरा. आता शेपटी वर करील बघ."

क्षमाला ती असंच सगळं दाखवायची. बोलायची सवय जिभेला होती. ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

एकदा बनाबाई दारात येऊन उभी राहिली. "आवं बाई, कुणासंगं बोलताय?"

"पाखरांशी."

"बोला, बोला. पाखरं बरी, उलटून तरी बोलत न्हाईत."

"बनाबाई, काल दुपारी माझ्या पायांवर पांघरूण तू घातलंस?"

"म्या? म्या कवा घातलं? म्या न्हाई का हिरीवर धुणं धूत हुते?"



तिची तब्येत मात्र झपाट्यानं सुधारत होती. गालांवर रंग आला, पोलक्याच्या बाह्या घट्ट झाल्या. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं आणि मान हलवली. आता घरी जायला हरकत नाही, मुलीला भेटा, जवळ घ्या. धनपालचे डोळे भरून आले. "पुढल्या खेपेला क्षमालाच घेऊन येतो," तो म्हणाला. "दोन दिवस इथं राहू आणि सगळे मिळून घरी जाऊ."

त्या दुपारी पद्मावती खुर्चीत बसली तेव्हा दंडाला काहीच टेकलं नाही. पिंगळा बघत होता. त्याची नजर आता तिच्या खांद्याच्या रेषेत होती. उभ्या राहिलेल्या पाच वर्षांच्या पोरीचा माथा यावा तिथं.

५

क्षमा आली ती उंच होऊन आली. आधी ती बापाच्या धोतराआड लपली, मग एकदम धावत सुटली आणि आईच्या मांडीत शिरली. पद्मावतीनं तिच्या केसांचा वास घेतला. खोबरेल आणि मोटारीतली धूळ. इतके महिने मांडी रिकामी होती. मग दंडावर टेकणारं ते ओझं काय होतं, हा विचार तिनं मनातून झटकून टाकला.

दुसऱ्या सकाळी दोघी खिडकीत बसल्या. क्षमा खुर्चीच्या उजवीकडं उभी राहिली.

"इकडं ये डावीकडं," पद्मावती म्हणाली. "इथून पिंगळा छान दिसतो."

"तिथं जागा कुठंय?"

"अगं, एवढी मोकळी फरशी आहे की."

"तिथं ती आहे ना."

पद्मावती तिच्याकडं वळली. "कोण ती?"

इतका सोपा प्रश्न आई का विचारते, अशा चेहऱ्यानं क्षमानं तिच्याकडं पाहिलं. "तुझी," ती म्हणाली आणि सातभाईंकडं बघू लागली.

धनपाल मालकाच्या माणसाला भेटायला बाहेर पडला होता. बनाबाई भाकरी थापत होती, त्याचा थपथप आवाज येत होता. सगळं रोजच्यासारखं होतं. पद्मावतीनं स्वतःला बजावलं, मुलं असं बोलतात. बाहुलीला बोलतात, भिंतीवरच्या डागाला बोलतात. आजीनं काहीबाही सांगितलं असेल.

"आई," क्षमानं विचारलं, "तीपण सांगलीला येणार?"

"नाही!" पद्मावती ओरडली. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज फार मोठा निघाला. "कुणी येणार नाही. तू, मी आणि तुझे बाबा. बाकी कुणी नाही!"

बागेतली सगळी पाखरं एकदम उडाली. डोणीतलं पाणी हिंदकळत राहिलं. उन्हाच्या पट्ट्यात तिच्या कोपराजवळचे कण जिथल्या तिथं थांबले आणि हळूहळू इतर धुळीसारखे खाली बसू लागले.

"रडायला लागली," क्षमा म्हणाली.

६

निघायच्या दिवशी पद्मावतीला लवकर जाग आली. धनपाल टांगा ठरवायला स्टँडवर गेला होता. सामान अजून आवरायचं होतं. तिची लुगडी दोरीवर होती, भांडी मांडणीत होती, औषधाच्या बाटल्या कोनाड्यात, मोकळी ट्रंक खाटेखाली. आता उठून भरू, असं म्हणत तिनं आधी कॅमेरा उचलला. रोलवर शेवटचा एक फोटो उरला होता. तो बागेतून काढायचा, पाखरं जिथं बसतात तिथून खिडकीचा. एकदा तिथून बघितलं की मनातलं सगळं फिटेल.

ती डोणीपाशी जाऊन उभी राहिली. डोक्यावर पेरूत पाखरं होती, पण उडाली नाहीत. तिच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मागं विहिरीवर बनाबाई क्षमाला आंघोळ घालत होती. "आवं क्षमाताई, डोळं मिटा की, साबण जाईल," असं म्हणत होती आणि क्षमा खिदळत होती. तो आवाज पाठीशी आहे, ह्याची पद्मावतीनं दोनदा खात्री करून घेतली.

मग तिनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि काचेत पाहिलं.

खिडकी होती. रिकामी खुर्ची होती, तिच्या हातावर टाकलेली शाल होती. चित्र पुसट होतं. तिनं चाक फिरवलं तशी वेताची वीण एकेक करून स्पष्ट झाली. काचेत डावं उजवीकडं दिसतं, हे ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात शाल हलली.

वाऱ्यानं नव्हे. ती टोकाशी उचलली गेली. मग दुसरं टोक उचललं गेलं. दोन्ही टोकं एकमेकांना जुळवली, मधला झोळ झटकला, पुन्हा अर्धी केली. पद्मावती घड्या घालायची तश्शी, तिच्याच पद्धतीनं. फक्त फार सावकाश, आणि जरा वाकडी. घडीच्या कडेला बोटं होती. लहान, गुबगुबीत, नखं कुणीतरी नीट कापलेली. मनगटापुढं खिडकीचा अंधार होता.

पद्मावतीनं मान वर करून सरळ बघितलं. खुर्ची होती. तिच्या हातावर शाल नव्हती.

तिनं बटण दाबलं नाही. ती विहिरीकडं चालत गेली, धावली नाही. ओल्या क्षमाला तिनं पदरात गुंडाळलं, कडेवर घेतलं. "बनाबाई, चल. आत जायचं नाही. जशी आहेस तशी चल माझ्याबरोबर."

"आवं पर भाकरी..."

"चल म्हणते ना!"

तिघी फाटकातून बाहेर पडल्या आणि पायीच गावातल्या जैन धर्मशाळेत गेल्या. बनाबाईला काही उमगलं नाही. बाईंना पुन्हा ताप चढला असेल असं वाटून ती सारखी पद्मावतीच्या कपाळाला हात लावत होती.

७

धनपाल शोधत शोधत धर्मशाळेत आला तेव्हा ऊन वर आलं होतं. तो रागावला नाही. तिचा चेहरा बघून त्यानं काही विचारलंही नाही. "तू इथंच बस, मी सामान घेऊन येतो," इतकंच म्हणाला.

तो गेला तसा लगेच परतला. टांग्यात मागं ट्रंक होती.

"चांगलं केलंस, आधीच भरून ठेवलीस," तो म्हणाला. "दाराशी आणूनही ठेवलीस. इतकी जड ट्रंक एकटीनं कशाला ओढायची? अजून ताकद यायचीय अंगात."

पद्मावतीनं बनाबाईकडं बघितलं. बनाबाई क्षमाची वेणी घालत होती. सकाळपासून ती नजरेआड झाली नव्हती.

सांगलीच्या सर्व्हिस मोटारीवर ट्रंक चढवताना क्लीनरनं शिवी हासडली. "काय भरलंय हो, दगडं?" मोटार उंब्रजला थांबली तेव्हा धनपाल चहा प्यायला उतरला. पद्मावती क्षमाला घट्ट धरून बसून राहिली. टपावर, बरोबर तिच्या डोक्यावर, ट्रंक बांधलेली होती. ती वर बघत नव्हती. क्षमा झोपली होती. झोपेत ती डाव्या कुशीला सरकून कुणाला तरी जागा करून देत होती.

घरी सासूबाईंनी ओवाळलं. शेजारपाजार भेटून गेला. ट्रंक मधल्या खोलीत ठेवली होती. "अगं, कपडे काढून उन्हात तरी टाक," सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. पद्मावतीनं हो म्हटलं आणि टाळलं. दुपारी सासूबाई क्षमाला घेऊन जैन बस्तीत देवदर्शनाला गेल्या. धनपाल दुकानात होता. घर रिकामं झालं.

पद्मावतीनं सगळं ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी नवरा आला की सांगायचं, ट्रंक आहे तशी कृष्णेत सोडून द्या. का म्हणून विचारू नका. तो ऐकेल. लुगडी गेली तर गेली. घरात पोर आहे, पोरीला जपलं पाहिजे. ह्यात चुकीचं काही नव्हतं. ती मधल्या खोलीच्या दाराशी, ट्रंकेपासून लांब, भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळ व्हायची वाट बघू लागली.

छपराचा पत्रा उन्हानं तापला होता. रस्त्यावर हळदीच्या गाड्या जात होत्या. त्या गेल्या आणि शांत झालं. त्या शांततेत तिला तो ऐकू आला. आखूड, अर्ध्यावर अडणारा, पुन्हा धडपडून सुरू होणारा श्वास.

श्वास पुरेनासा झाला की कसं होतं, ते तिला माहीत होतं. छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. ओरडावंसं वाटतं आणि ओरडायला हवाच उरत नाही. मग माणूस नुसतं दाराकडं बघत राहतं, कुणीतरी येईल म्हणून.

तिनं कानांवर हात घेतले. थोड्या वेळानं काढले. श्वास आता फार वेळानं येत होता.

ती उठली. दाराला आतून कडी घातली. ट्रंकेपाशी गुडघ्यांवर बसून तिनं कोयंडा बाजूला केला आणि तापलेल्या झाकणावर तळहात ठेवला.

"बोटं आत घे हं," ती म्हणाली. "झाकण लागेल."